पाढे म्हणत पडणारा पाऊस

सर, तुमचं अर्थमितीचं, म्हणजे अर्थशास्त्रातले संबंध आकड्यांनी मोजायला शिकवणारं पुस्तक तपासायला माझ्याकडेच आलं होतं. बी.ए.च्या मुलांना पहिल्यांदाच हा विषय शिकताना हाताशी असावं म्हणून तुम्ही ते मराठीत लिहिलं होतं, आणि अभ्यास मंडळानं तुमच्या नावाचं पहिलं पान काढून ते हस्तलिखित माझ्याकडे पाठवलं होतं. लेखक कोण ते तपासणाऱ्याला कळू नये, तपासणारा कोण ते लेखकाला कळू नये, असा नियम होता. पण दुसऱ्याच प्रकरणात तुमच्या गावच्या, जतच्या मेंढ्या आल्या आणि मी ओळखलं. किती पाऊस पडला तर ज्वारी किती येईल, चारा महागला की मेंढ्या किती विकल्या जातील, गाव वाढलं की टँकरच्या खेपा किती वाढतील, ही उदाहरणं दुसरं कोण देणार? तेव्हाच मी मंडळाला कळवायला हवं होतं की हे माझ्या सरांचं लिखाण आहे, दुसऱ्या कुणाकडे द्या. मी नाही कळवलं. साताऱ्याच्या कॉलेजात लागून मला थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या विभागात असं तपासणीचं काम कुणाकडेही आलं नव्हतं. मला त्याचं अप्रूप होतं.

तुमच्या वर्गातला माझा पहिला दिवस मला अजून दिसतो. वडिलांची सांगलीला बदली झालेली, मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, पांढऱ्या मोज्यांची सवय अजून न सुटलेली. तुम्ही मागणी म्हणजे काय ते विचारता आणि मी उभी राहून इंग्रजीत पाठ केलेली व्याख्या धडाधड म्हणून दाखवते. तुम्ही शांतपणे ऐकून घेता आणि म्हणता, "छान. आता हेच माझ्या आईला कळेल असं सांग." मला एक वाक्य जुळवता येत नाही. मागच्या बाकावरून हसू येतं. त्या दिवसापासून तुम्ही मला "कॉन्व्हेंट" म्हणू लागलात, पण तास संपल्यावर थांबवून घेऊन मला मराठीतून अर्थशास्त्र तुम्हीच शिकवलंत. किती संध्याकाळी मी तुमच्या घरी, काकूंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून घालवल्या. काकू तव्यावरची भाकरी फुगली की आधी माझ्या ताटात टाकायच्या आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारायचात, "कॉन्व्हेंट, किंमत वाढली तर मागणीचं काय?" काकू म्हणायच्या, "आवं, तिला जेवू तरी द्या. मागणी पळून जात न्हाई."

तर ते पुस्तक. आमच्या कॉलेजात तेव्हा नुकताच एक संगणक आला होता. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, आणि त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण असे. विभागात तो मला एकटीलाच चालवता यायचा. तुमच्या पुस्तकातली गणितं मी एकेक करून त्याच्यात घातली. प्रत्येक वेळी उत्तर पूर्णांकात आलं. आलेख काढला की सगळे बिंदू गणितातून आलेल्या रेषेला चिकटून उभे राहत, प्रार्थनेला रांगेत उभ्या केलेल्या मुलींसारखे. खरी आकडेवारी अशी कधी वागत नाही, हे मला दिसलं. ते दिसायलाच हवं होतं आणि माझा आक्षेप काही चुकीचा नव्हता. मुलांना वाटेल की जगातला प्रत्येक संबंध असाच सरळ असतो. अभिप्रायात एवढंच लिहून मी थांबले असते तर चाललं असतं. शेवटी खऱ्या आकड्यांचं एक प्रकरण जोडावं, असं सुचवता आलं असतं. पण मला एक वाक्य सुचलं आणि त्याचा मोह सुटेना. मी इंग्रजीत लिहिलं की या लेखकाच्या शेतात पाऊस पाढे म्हणत पडतो. ते वाक्य लिहून झाल्यावर मी चपला घातल्या आणि घरी जाताना वाटेत दोनदा मनाशी म्हणून पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी नेहमीसारखी तुमच्याकडे फराळाला आले. तुम्ही दारातच तो अभिप्राय माझ्या हातात ठेवलात. "हे वाच, कॉन्व्हेंट. लय हुशार माणूस हाय कोण तरी. पान अन् पान वाचलंय." मी माझंच लिखाण तुमच्यासमोर बसून पहिल्यांदा वाचत असल्यासारखं वाचते. तुम्ही पावसाच्या वाक्यावर बोट ठेवता, काकूंना त्याचं मराठी करून सांगता आणि मोठ्यानं हसता. काकू हसत नाहीत. चकलीचं ताट माझ्यापुढे ठेवत म्हणतात, "आमच्या जतला मुळात पाऊसच न्हाई, तर पाढं कुठलं म्हणतोय त्यो? आलाय कवा तिकडं हा शहाणा?"

मग तुम्ही मला सांगितलंत. आपल्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. पोरं लांबलचक भागाकारात अडकली की त्यांचा सगळा वेळ तिथंच जातो आणि रेषेचा अर्थ राहून जातो. म्हणून तुम्ही उत्तर आधी धरायचात आणि आकडे मागून बसवत यायचात, एकही अपूर्णांक राहू नये असे. एकेका गणिताला एकेक संध्याकाळ. मला हे सुचलंच नव्हतं. मी एकही गणित हातानं सोडवलं नव्हतं. मी खाली मान घालून चकली मोडत राहिले. तुम्ही विचारलंत, "तू तर न्हवंस ना गं हे लिहिणारी?" आवाजात राग नव्हता, उलट मी असते तर बरं झालं असतं, असंच काहीतरी त्यात होतं. मी म्हटलं, "नाही सर, मी कशाला?" तुम्ही मान हलवलीत आणि विचारलंत, "मग बदलू का आकडे? तुझं मत सांग." बदलू नका म्हटलं असतं तर माझाच अभिप्राय मी खोडून काढला असता. मी म्हटलं, "बदला सर."

तुम्ही बदललेत. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालून खऱ्या ज्वारीचे, खऱ्या पावसाचे आकडे आणलेत आणि सगळी गणितं पुन्हा मांडायला घेतलीत. त्यात निवृत्ती आली, मग दम्यानं धरलं. मंडळानं वाट पाहून एक इंग्रजी पुस्तक लावलं. त्याच वर्षी मी साताऱ्यात वर्गाला खऱ्या आकड्यांचं एक गणित दिलं. अख्खा तास गुणाकार-भागाकारात गेला. घंटा झाल्यावर कोरेगावकडची एक मुलगी बोटांची शाई पुसत उठली. "मॅडम, आकडेमोड झाली. पण ह्यातनं आपल्याला कळलं काय?" त्या मुलीच्या हातात तुमचं पुस्तक असायला हवं होतं, पहिलं, तुम्ही लिहिलेलं तसं. तेव्हा तुम्ही होतात. सांगली काही लांब नव्हती, सकाळची एस.टी. धरली असती तर दुपारी तुमच्या घरी पोचले असते आणि म्हटलं असतं, सर, जुनेच आकडे ठेवा, मी चुकले. पण मी चुकले म्हणायचं तर आधी ते लिहिणारी मी होते, हे म्हणावं लागलं असतं. मी पत्र लिहून तुमच्या तब्येतीची चौकशी केली. तुम्ही उत्तरात लिहिलंत की काम चालू आहे, सावकाश होईल.

काकू आता थकल्यात, सांगलीतच धाकट्या मुलीकडे असतात. दिसत नाही म्हणून त्यांना वाचून दाखवावं लागतं. हे सगळं लिहून काढावं आणि एकदा त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवावं, असं ठरवून मी सकाळी बसले होते. त्या मला रागावतील, मग भाकरी खाऊन जा म्हणतील, असंही वाटलं होतं. पण इथपर्यंत आले आणि कळलं की मला ते जमणार नाही, कारण पुढचंही मग वाचावं लागेल. तुम्ही गेल्याचा निरोप मला शिक्षकांच्या खोलीत मिळाला. त्याच दिवशी मी सांगलीला आले, काकूंच्या गळ्यात पडून रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण तो निरोप कानावर पडला तेव्हा, रडू फुटायच्या आधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.