अकरा जणींची मापं

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत तुमच्या कंपनीत नाव नोंदवायचा फॉर्म होता, त्यावर माझं नाव, वय, दुकानाचा पत्ता, सगळं तुझ्या त्या वळणदार अक्षरात भरलेलं, आणि सही करायच्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुली. सोबत चिठ्ठी, की ताई, तू फक्त सही कर, बाकी सगळं मी बघते. मी त्या फॉर्मचे चार तुकडे केले आणि कात्रणांच्या पिशवीत टाकले. हे फोनवर सांगता आलं असतं. पण हल्ली फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मध्येच 'ताई, आधी पूर्ण ऐकून तरी घे' सुरू होतं, आणि ते वाक्य तुझं नाही हे मला कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. यात मध्ये बोलायची सोय नाही.

आधी उत्तर लिहून टाकते, म्हणजे तू उगाच आशेवर वाचत राहणार नाहीस. नाही. आत्ता नाही, विचार करून नाही, पुढच्या महिन्यातही नाही. मला ती वजन उतरवायची पावडर विकायची नाही, विकत घ्यायची नाही, आणि तुझ्या खालच्या गोलात तर मुळीच बसायचं नाही. मला वेळ नाही, गुडघे दुखतात, दुकानात काम फार आहे, अशी कारणं मी देणार नाही. कारण दिलं की तुमच्याकडे त्यावर तोडगा तयार असतो, हे मी त्या हॉलमध्येच पाहिलंय. एका बाईने मुलं लहान आहेत म्हटलं तर तुमच्या सरांनी तिला मुलांसाठीच तर करायचं म्हणून गप्प केलं. दुसरी म्हणाली नवऱ्याला विचारते, तर तिला सगळ्यांसमोर विचारलं, श्वास घेतानाही विचारता का?

त्या रविवारची गंमत आठवते का तुला? मला आठवते, आणि अजून अंगाची लाहीलाही होते. तू फोनवर म्हणालीस, छोटासा कार्यक्रम आहे, चहा घ्यायला ये. कसला कार्यक्रम म्हणून मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तू म्हणालीस, ये तर खरी. मी आपली चांगले कपडे घालून आले. मला वाटलं तुला नवी नोकरी लागली असेल, बहिणीला चकित करायचं असेल तुला. तू कामाला होतीस तो दवाखाना डोळ्यांच्या डॉक्टरांनी बंद केल्यापासून तू घरी बसून किती कोमेजली होतीस ते मी पाहत होते ना. वाटेत तुझ्यासाठी फुलं घेतली. आणि आत पाहते तर दीडशे खुर्च्या, समोर फळा, आणि टाय लावलेला एक माणूस, तेच तुमचे सर, टाळ्या वाजवायला शिकवतोय.

पाऊण तास तो माणूस बोलला. त्याची गाडी, त्याचं घर, समुद्राकाठी पाय पसरून बसलेला त्याचा फोटो, सगळं दाखवून झालं. विकायचं काय आहे, हे मात्र पाऊण तासात आलं नाही. माझ्या दुकानात कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी एका दमात सांगते, बायकांचे कपडे शिवते आणि जुने उसवून नीट करून देते. या गृहस्थाला ते जमेना. मग एकदाचा पावडरचा डबा टेबलावर आला आणि फळ्यावर गोल काढले. एका गोलाखाली सहा, त्या सहांखाली प्रत्येकी सहा. मी कापड कापणारी बाई, एका ताग्यात किती तुकडे निघतात हे मला नजरेने कळतं. आठव्या ओळीला आपलं अख्खं गाव संपत होतं, तान्ह्या पोरांसकट. मी हात वर करून एवढंच विचारलं, की साहेब, हा डबा असा कोणी विकत घेतो का, ज्याला तो पुढे कोणाला विकायचा नाही? तो हसला. म्हणाला, ताईंचे विचार जरा निगेटिव्ह आहेत, पण आपण त्यांना बदलू. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. मी तुझ्याकडे पाहत होते आणि तू फळ्याकडे.

शेवटी सगळ्यांना कोरे कागद वाटले, ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा म्हणाले. बाजूची म्हातारी बिचारी नातवंडांची नावं लिहीत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना माझे कष्ट नको आहेत, माझी हुशारी तर त्याहून नको आहे. यांना माझी माणसं हवी आहेत. तीस वर्षं टाके घालून घालून जोडलेली माणसं. मी कोरा कागद खुर्चीवर ठेवून निघून आले, फुलं तशीच हातात घेऊन. मग बुधवारी तू त्या सरांना घेऊन थेट दुकानात आलीस. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. तुमच्यात लीडर दिसतो म्हणे! मी बटणांची काजं करत होते, मान वर केली नाही. जाता जाता त्यांची नजर फळीवरच्या वह्यांवर गेली. या कसल्या, म्हणून विचारलं. तूच उत्साहाने सांगितलंस, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या, नाव, फोन, सगळं असतं. ते म्हणाले, अरे वा, तुमच्याकडे तर खजिना आहे. मला ते शिलाईचं कौतुक वाटलं. एवढी मी अडाणी.

आता तुला आईची गोष्ट सांगायची म्हणजे मलाच कसंतरी होतं, कारण ती तुला माझ्याइतकीच माहीत आहे. आई माप घ्यायची आणि आपण दोघी लिहायला बसायचो, एक दिवस तू, एक दिवस मी. आईने कधी आकडा तोंडाने उच्चारला नाही. बाईच्या पाठीमागे उभी राहून ती बोटांनी दाखवायची. आधी तीन बोटं, मग चार, म्हणजे चौतीस. अर्धा असेल तर करंगळी वाकवायची. सात वर्षांची असताना तू एकदा छत्तीस म्हणून मोठ्याने ओरडलीस. समोरच्या बाईंचा चेहरा पडला, आणि आईने तुला आठवडाभर वहीला हात लावू दिला नाही. तू रडून घर डोक्यावर घेतलंस. तेव्हा आई काय म्हणाली होती, विसरलीस? ती म्हणाली, बायका आपल्यासमोर हात वर करून उभ्या राहतात, तशा त्या दुसऱ्या कोणासमोरही राहत नाहीत.

त्या बुधवारनंतर आठ दिवसांनी तू परत आलीस. ताई रागावू नकोस म्हणालीस, घरात भिंती खायला उठतात, चार दिवस तुझ्याजवळ बसते. मला काय आनंद झाला होता सांगू! तू काउंटरवर बसून पावत्या लिहीत होतीस, आलेल्या बायकांशी छान बोलत होतीस. मी मनात म्हटलं, उतरलं खूळ, आता हिला इथेच ठेवून घेऊ, दोघी मिळून दुकान वाढवू. गुरुवारी दुपारी अस्तराचं कापड आणायला मी दोन तास बाहेर गेले. किल्ल्या तुझ्याजवळ, फळी तुझ्यासमोर. परत आले तर तू चहा करून ठेवला होतास. मी तो गोड मानून प्यायले.

तुला माझी पद्धत माहीत आहे. मी जुनं माप खोडरबराने पुसत नाही, त्यावर एक आडवी रेघ मारते आणि शेजारी नवं माप लिहिते, तारखेसकट. कोणाचं अंग कसं बदलत गेलं हे कळलं की पुढचा कपडा नीट बेतता येतो, म्हणून. त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तू पानं उलटत गेलीस आणि जिथे कमरेचा आकडा तीन इंचांहून जास्त वाढलाय, तिथे तिथे थांबलीस. अशा अकरा जणी निघाल्या. मी नंतर स्वतः मोजल्या. अकरा जणींना तुझे फोन गेले, आणि अकराही जणींना तू म्हणालीस, की तुमचं वजन वाढलंय हे मला माहीत आहे आणि माझ्याकडे उपाय आहे.

त्यातल्या एक म्हणजे कॉलेजच्या ग्रंथपालबाई. तू त्यांना ओळखतेस, उंच, सावकाश बोलणाऱ्या, तुला लहानपणी पुस्तकं घरी न्यायला द्यायच्या. त्यांच्या पानावर एकोणतीस खोडून चौतीस लिहिलंय. तुला ते फार मोठं घबाड वाटलं असणार. अगं, वहीत आकडा असतो, कारण नसतं! ती एका मोठ्या ऑपरेशननंतरची गोष्ट आहे आणि तिचा चरबीशी काडीचा संबंध नाही, एवढंच तुला सांगते. बाकीचं त्यांना, त्यांच्या यजमानांना, डॉक्टरांना आणि मला माहीत आहे, आणि ते मी तुलाही सांगणार नाही. ऑपरेशननंतर सहा महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. कपडे कसे बसतील, कोणाला काही दिसेल का, या भीतीने. मी चार वेळा उसवून पाचव्यांदा शिवला तेव्हा कुठे एक ड्रेस असा जमला की त्या आरशासमोर वळून वळून पाहत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाल्या. त्या बाईला तू स्वतःचं नाव न सांगता भर वाचनालयात फोन करून म्हणालीस, मॅडम, वर्षभरात तुमची कमर पाच इंच वाढलीये. तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं तर तू म्हणालीस, आमच्याकडे सगळी माहिती असते.

त्या त्याच दिवशी चार वाजता दुकानात आल्या. आत पडद्यामागे एक मुलगी ट्रायल घेत होती, ती जाईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. आवाज चढवला नाही. फोनवर काय बोलणं झालं ते सांगितलं, नंबर दाखवला, तो तुझा होता, आणि माझं पान कोणी पाहिलं, एवढंच विचारलं. मी उत्तर दिलं. ते ऐकून त्यांनी पान मागितलं, मी ते वहीतून फाडून दिलं, त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. टेबलावर त्यांच्या कोटाचं राखाडी कापड अर्धं कापून पडलं होतं. मी म्हटलं, एवढा पुरा करून देते. त्यांनी ते तुकडे गोळा केले आणि घेऊन गेल्या. तीस वर्षांत कापलेलं कापड कोणी परत नेलेलं नव्हतं. त्याचा दुसऱ्या शिंप्याला काही उपयोग नसतो, त्यांनाही ते माहीत होतं.

मला तुझा राग आलाय, असा राग की परवा सुई सरळ बोटात गेली. त्या टायवाल्याचा येतोच, पण तो परका माणूस आहे, त्याला आपल्या आईची बोटं कुठे माहीत होती? तुझ्या पलंगाखाली ते न खपलेले डबे रचलेले मी पाहिलेत. सुजलेल्या डोळ्यांनी तू स्टेटसला हसरा फोटो टाकतेस, तोही पाहते. तू बुडते आहेस आणि बुडताना हाताला लागेल त्याला धरते आहेस, हे मला दिसत नाही असं समजू नकोस. त्यासाठी मी रात्रंदिवस तुझ्यासोबत बसेन, तुझ्या नवऱ्याशी बोलेन, ते डबे परत करायला तुझ्याबरोबर त्या ऑफिसात येऊन भांडेन, आणि मी भांडायला लागले की काय होतं हे तुला ठाऊक आहे. पण त्या बायकांचं तू जे केलंस, ते या दुःखाच्या पांघरुणाखाली मी घालू देणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, फॉर्मसाठी नव्हे. ग्रंथपालबाईंनी विचारलं ना, पान कोणी पाहिलं, तेव्हा मी म्हणाले, मीच दिलं, चार पैशांच्या मोहापायी. विचार करायच्या आतच तोंडातून गेलं. लहानपणापासून तुझ्या वाटची बोलणी खायची सवय लागलीये तोंडाला. त्यांना ते खरं वाटलं, धाकटे. सगळ्यात जास्त मला हेच लागलं, की तीस वर्षांनंतरही ते त्यांना खरं वाटलं. मग असे फोन आलेल्या बायका एकमेकींत बोलल्या आणि त्यांच्याकडून ते बाकीच्या दहा जणींपर्यंत गेलं. आठवडा झाला, त्यांच्यातली एकही उंबरा चढलेली नाही. मी मूग गिळून गप्प बसले असते, पण काल कळलं की ग्रंथपालबाईंनी पुन्हा रजा टाकलीये, घराबाहेर पडत नाहीत. आपल्या अंगाची गोष्ट शिंपीणच विकते म्हटल्यावर त्यांनी कोणाच्या भरवशावर बाहेर पडायचं? तेव्हा शनिवारी सकाळी दहा वाजता मी त्यांच्या घरी जाणार आहे, खरं सांगायला, आणि तिथून एकेक करून बाकीच्या दहाही घरी. मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पावणेदहाला उभी असेन. तू आलीस तर मी शेजारी बसेन आणि तू बोलशील. नाही आलीस तर मी आत जाऊन तुझं नाव घेईन, जे मी आजवर कधीही, कोणासमोरही, घेतलेलं नाही. ये गं. मला ते घ्यायला लावू नकोस.

तुझ्यावर संतापलेली, तरीही तुझीच,
ताई