जवळून लढणारा मांत्रिक

२ फेब्रुवारी, रविवार
मेला. आणखी एक मांत्रिक मेला माझा. लांब उभा राहून आगीचे गोळे फेकत होता बिचारा, लांडगा मागून आला आणि नरडं फोडून गेला. इरफान गेम चालवतो: प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं, पुढे काय घडतं ते तो सांगतो, जगणं-मरणं फाशांवर. जव्हारला, त्याच्या अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा. कापड कापायच्या टेबलावर नकाशा पसरतो, आम्ही फासे टाकतो आणि तो आम्हाला मारतो. चवीने मारतो. "आतडी बाहेर आली, दिनेशभाई. अब क्या?"
अब क्या काय! नवा मांत्रिक करणार. पण मागे उभा राहणारा नाही. पुढे जाऊन, हाताने धरून, डोळ्यांत बघून मारणारा.

४ फेब्रु.
साहेब मीटिंगला पालघरला. पंचायत समितीत शुकशुकाट. जेवायच्या सुट्टीत नवं कॅरेक्टर बनवायला घेतलं. नाव: खडक्या.
अडचण अशी की मांत्रिकाचा जीव थोडा. दोन घाव बसले की खलास. चिलखत घातलं तर मंत्र चालत नाहीत. वर आणखी, एखादा मंत्र धरून ठेवलाय आणि मार बसला की फासा टाकायचा, कमी पडला की मंत्र तुटला. म्हणून शहाणे मांत्रिक लांबूनच लढतात.
मी बुद्धीचे पॉइंट काढून तब्येतीत टाकले. अंगावर घाव झेलूनही मंत्र तुटता कामा नये. मंत्र सगळे हात लावून करायचे. हात लावला की रक्त गोठतं. हात लावला की हाड आतून फुटतं. इरफानला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "ये तो सुसाईड है."
बघू.

९ फेब्रु., रवि.
जव्हारला भास्करच्या जीपने. भास्कर माझ्या गावचा. आश्रमशाळेत एका बाकावर होतो. आता मोखाडा-जव्हार जीप चालवतो आणि रविवारी आमच्यात खेळतो. त्याचं कॅरेक्टर सरदार: दोन्ही हातांत धरायची तलवार, डोकं शून्य. गावच्या गेल्या बोहाड्यापासून, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवापासून, आम्ही दोघं जीपमध्ये बोलत नाही. गेममध्ये बोलतो, कारण तिथे न बोलून चालत नाही.
आज खडक्याची पहिली लढाई. एका दरोडेखोराने कुऱ्हाड घातली, थेट फासळीत. जीव निम्मा गेला. फासा टाकला, मंत्र टिकला! कुऱ्हाड फासळीत रुतलेली तशीच ठेवून त्याच्या तोंडावर पंजा ठेवला. इरफानने सांगितलं, डोळे आधी पांढरे झाले, मग कवटी तडकली. इरफानची बहीण शबाना, तिरंदाज खेळते, तिने "छी!" केलं. शाळेत शिकवते, तिला सवय नाही.
मला खूप बरं वाटलं.

१२ फेब्रु.
डाव्या कानातून पुन्हा पाणी. आज ऑफिसात कुणी डाव्या बाजूने बोललं की नुसतं हो हो म्हणत होतो.
कुणी विचारलं तर मी पडलो म्हणून सांगतो. इथे तरी खरं लिहितो. आमच्या गावच्या बोहाड्यात घरोघरची सोंगं ठरलेली. भास्करच्या घरचा मुखवटा देवीचा, आमच्या घरचा राक्षसाचा. शेवटच्या सकाळी संबळाच्या ठेक्यावर दोघं नाचत लढतात, देवी तलवार राक्षसाच्या खांद्याला टेकवते, राक्षस पडतो, उत्सव संपतो. तलवार टेकवायची असते. गेल्या साली भास्करने ती घातली. पहिली कानशिलावर, दुसरी गळ्याच्या हाडावर. धार नाही तिला, पण लोखंड ते लोखंड. हाड मोडलं, कानाचा पडदा फाटला, मुखवट्याच्या आत रक्ताने माझे डोळे चिकटले.
प्लास्टर घालून आल्यावर त्याला विचारलं. म्हणतो, "मला काय ठावं? अंगात आलं होतं."
गावाने माना डोलावल्या. देवीने मारलं, तिला जाब कोण विचारणार? त्या सकाळी माझी आई त्याच्या पाया पडली. त्या पायांवर माझं रक्त होतं.

२३ फेब्रु., रवि.
खडक्याची लेव्हल वाढली. नवा मंत्र घ्यायचा होता. शबाना म्हणाली, जखमा भरणारा घ्या. मी एक शुद्धीवर आणणारा घेतला, हात लावला की दुसऱ्याने केलेली करणी उतरते. इरफान म्हणाला पुढे लागेल. ठीक. दुसरा मात्र माझ्या आवडीचा: खडक्याला जो मारेल त्याचा हात भाजून निघेल.
संध्याकाळपर्यंत तिघांचे हात कोळसा. एकाचा मी मोडूनही घेतला. इरफान नियम शोधत बसला, असं करता येतं का म्हणून.

२ मार्च
बाबांचा फोन. बोहाडा एप्रिलात ठरला. मुखवटा दुरुस्त करून रंगवला म्हणे. मी म्हटलं, यंदा मी घालणार नाही. मला परत ती तलवार अंगावर नको.
"असं कसं? मरायचा मान आपला हाय. तुझ्या आज्यापासून. मान सोडायचा नाय."
"आणि त्याने पुन्हा मारलं तर?"
"देवी हाय ती. मारंल तर मारंल."
फोन ठेवून भिंतीवर बुक्की मारली. भाड्याच्या खोलीचे पोपडे निघाले, बोटांची सालं निघाली. कुणाचंही काही बिघडलं नाही.

१६ मार्च, रवि.
नीट लिहून ठेवतो.
किल्ल्याच्या तळघरात चेटकीण होती. इरफानने एक चिठ्ठी भास्करच्या हातात दिली. भास्करने वाचली, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "सरदार खडक्यावर धावतो."
चेटकिणीने सरदारवर करणी केली होती, हे सगळ्यांनाच कळलं. भास्करचे फासेही असे पडले की विचारू नका. पहिल्या घावात खडक्याचा जबडा लोंबायला लागला. दुसऱ्यात डावा खांदा गेला. इरफानला आमचं काही माहीत नाही, तो रंगवून सांगत होता, तलवार हाडात कशी अडकली वगैरे. माझ्या कानात वाजायला लागलं. सरदारचे हात भाजत होते तरी तो सोडत नव्हता. मंत्र टिकतो का बघायला फासा टाकला. टिकला.
माझी पाळी. इरफान म्हणाला, "दिनेशभाई, शुद्धीवर आणायचा मंत्र आहे तुमच्याकडे. हात लावा, बस्स."
मी सरदारच्या शिरस्त्राणात दोन्ही हात घातले आणि दुसरा मंत्र म्हटला. सगळ्यात मोठा. हातात मावतील तेवढे फासे घेतले. रक्त डोळ्यांतून, नाकातून, कानांतून. मुद्दाम सांगितलं, कानांतून.
भास्कर उठला. "अरं तो शुद्धीत नाय! तुला दिसतंय ना!"
"मला काय ठावं?" मी म्हणालो.
शबानाने आमच्या दोघांकडे बघितलं आणि चहा आणायला आत गेली. भास्करने मेलेल्या सरदारचा कागद घडी करून खिशात ठेवला. शाळेतून बाहेर पडल्यावर गेम सुरू केला तेव्हापासूनचा सरदार होता तो. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. खोटं कशाला लिहू?
परतताना जीपमध्ये पुढे बसायला गेलो. "मागं बस," एवढंच बोलला. घाटात त्याने जीप अशी हाणली की एका म्हातारीची टोपली दारातून बाहेर गेली आणि ती त्याला आईबहिणीवरून शिव्या देत राहिली. मी दांडा धरून होतो. दरीकडच्या प्रत्येक वळणाला वाटलं, आता हा जीप खाली सोडतोय.

२३ मार्च, रवि.
भास्कर आला नाही. मी एसटीने गेलो. इरफान म्हणाला, "वो कन्ट्रोल में नहीं था. तुम होश में थे." मी म्हटलं गेम आहे. खेळलो थोडा वेळ. खडक्याने दोन पहारेकरी मारले, मजा आली नाही.

६ एप्रिल
भास्कर गावी तालीम करतोय म्हणे, रोज, तलवार घेऊन एकटाच. बाबांनी कौतुकाने सांगितलं. रात्री झोप नाही. गळ्याचं हाड जिथे जुळलंय तिथे गाठ आहे, तीच चाचपत बसतो. भीती वाटते. त्याची वाटते आणि माझीही, कारण राक्षसाच्या हातातही तलवार असते.

१२ एप्रिल, संध्याकाळ. गाव
उद्या सकाळी. आलोय शेवटी. आईने फोनवर एकदाच "ये" म्हटलं, म्हणून आलो.
मघाशी मुखवटे देवळात पूजेला नेऊन परत आणले. परतताना भास्करने हापशाजवळ गाठलं.
"दिन्या, गेल्या साली अंगात नव्हतं आलं."
मी ऐकलं, तरी उजवा कान पुढे केला. त्याने पुन्हा सांगितलं.
"मी खांद्याला टेकवली, तू पडला नाय. परत टेकवली, तू नाचतोसच. पोरं हसाया लागली. देवीला हसाया लागली रं. मला राग आला. माझाच राग. देवीचा नाय."
मला त्याने टेकवलेली आठवत नाही. नाचलेलंही आठवत नाही. संबळ आठवतो, मग एकदम रक्त. हे त्याला सांगायला हवं होतं. त्याऐवजी थोबाडीत दिली. तोंड फुटलं त्याचं. वर्षभर ह्या एका वाक्यासाठी जळलो आणि मिळालं तर मारावंसंच वाटलं. आणखी एक दिली. त्याने हात उचलला नाही.
"उद्या काय करशील?" मी विचारलं.
त्याने हापसा मारून चूळ भरली, लाल पाणी थुंकला. मला वाटलं आता शिवी देईल. पण तो घाबरलेला होता. लहानपणी त्याला विंचू चावला तेव्हा बघितला होता असा.
"तिच्या नावानं खोटं बोललो मी, साऱ्या गावासमोर. उद्या ती खरंच आली तर? मग माझ्या हातात काय ऱ्हाणार नाय. तू लवकर पड, दिन्या. पहिल्यालाच पड."
मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. बाबा मुखवटा बांधून बघायला हाका मारतायत.