तणसीचा ढीग

मंगळवार, संध्याकाळ

जपानच्या एका जिम्नॅस्टची मुलाखत मोबाईलवर पाहिली. पाय मोडल्यावर दोन वर्षांनी परतली. आता उडीआधी गादी हाताने दाबून बघते म्हणे.

मी का नाही दाबून बघितलं? तेव्हा, नोकरीच्या सुरुवातीला, शाळेत गादी कुठली, धानाच्या तणसीचा, वाळल्या पेंढ्याचा ढीग रचून मुलींना उड्या शिकवायची. त्या दिवशी गुरांनी ढीग खालून खाऊन पोकळ केलेला. सुनंदानं विचारलं, "बाई, मारू उडी?" मी म्हटलं, "मार."

आज तीच सुनंदा लंगडत आली, लेकीला घेऊन. "बाई, हिलेबी शिकवा. तुमच्यावर भरोसा हाये."

भांडली असती तर बरं झालं असतं.

आता शाळेत गादी आहे. तीनदा दाबली. पोरीनं विचारलं, "बाई, मारू उडी?" आणि मी चौथ्यांदा गादी दाबायला वाकले.