चौकाच्या कडेकडेने

ती. नीव्हेस मावशीस,

एव्हारिस्तोचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा, काकांचा खोकला आणि ती करडी कोंबडी, तिघांचीही तब्येत सुधारली असेल अशी आशा करतो. घरचं चीज पोचलं. खुराडं वाढवण्यासाठी काका मागचं लॉरेलचं झुडूप तोडणार आहेत हे वाचलं. तोडू देत. त्याच्या पानांचा मुकुट पदवीधरांच्या डोक्यावर शोभतो, आणि आपल्या घरात पदवीपर्यंत गेलंय कोण?

तीन वर्षं मी विद्यापीठात हंगामी शिपाई आहे हे तू जाणतेसच. मला कायम करण्याचा कागद या आठवड्यात कुलगुरूबाईंच्या सहीला गेला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात स्थापनादिन आला. मिरवणुकीपुढे चांदीचा दंड धरणारे आमचे थोरले शिपाई ग्वेरिनो यांची कंबर धरली आणि दंड माझ्या हाती आला. (वजन साडेचार किलो. तोलून पाहिला.) ग्वेरिनोंनी बजावलं, "डोकं चालवू नकोस, डॉक्टरसाहेब. दारातून निघायचं, सरळ चालायचं, सभागृहाशी थांबायचं. बैलालाही जमतं."

सरळ म्हणजे मोठ्या चौकाच्या मधोमध. इथल्या विद्यार्थ्यांची जुनी समजूत अशी की चौक मधून ओलांडला की पदवी हुकते. मुलं तासाला उशिरा पोचतील, पण कडेनेच जातील. मीही तीन वर्षं कडेनेच जातो (शिडी खांद्यावर असली तरी), आणि ग्वेरिनो मला डॉक्टरसाहेब म्हणतात ते त्यामुळेच.

तर वाद्यं सुरू झाली, मी निघालो आणि चौकाशी येताच माझे पाय आपसूक डावीकडे वळले. मागे कुलगुरूबाई वळल्या, त्यांच्यामागे झगे घातलेले एकशे चाळीस प्राध्यापक. दंड जाईल तिकडे विद्यापीठ जातं, असा इथला आठशे वर्षांचा रिवाज आहे. बँडची धून संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. कडेला सायकली लावलेल्या होत्या. रोमन कायद्याच्या प्राध्यापकांचा झगा एका सायकलीत अडकला, तेव्हा ती सायकलही सभागृहापर्यंत मिरवणुकीत आली.

भाषणात कुलगुरूबाई म्हणाल्या की हे विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचं आहे. हे दार कुणालाही बापाचं नाव विचारत नाही. माझं नाव मात्र आता नक्की विचारणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

बोलावणं आलंच. वाट चुकलास का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो, आणि खरं कारण हळूच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला पदवी मिळून एकतीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "तरी मधून जाताना पाय कचरतात. दर स्थापनादिनाला जीव मुठीत धरून चालते. आज बरं वाटलं."

कागदावर सही झाली. फक्त माझी पाळी सकाळची काढून संध्याकाळची केली आहे. नोकरी पक्की झाल्याचं आईला जरूर सांग.

तुझा आज्ञाधारक,
एव्हारिस्तो

ता. क. संध्याकाळी जादा काम असतं असं मी तीन वर्षं लिहीत आलो, ते जादा काम म्हणजे प्रौढांची शाळा होती. जुलैत पास झालो. सोमवारपासून सकाळी इतिहासाच्या वर्गात बसायचं आहे. हे आईला एवढ्यात सांगू नकोस. नापास झालो तर तिला उगाच दोनदा रडावं लागेल.

आणखी ता. क. काकांना लॉरेलला हात लावू देऊ नकोस. खुराडं दुसऱ्या बाजूने वाढवा. पत्र पोचेपर्यंत तोडलं असेल, तर निदान मुळं राहू देत. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, आणि तेवढ्यात ते पुन्हा डोक्यापुरतं फुटतं. (माळ्याला विचारून घेतलं आहे.)