कुलपातली नवी पुस्तकं

बाबा, तुम्ही सुरू केलेल्या आपल्या वाचनालयात नवी पुस्तकं आली. आनंदाची बातमी म्हणून लिहायला बसले होते, पण डोकं अजून तापलेलं आहे. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

खोकी लाखांदूरहून टेम्पोने आली. मी मुद्दाम बघायला गेले. गोष्टींची पुस्तकं होती, लहान मुलांची चित्रांची होती, भरती परीक्षांची जाडजूड पुस्तकंही होती. आताचा अध्यक्ष म्हणजे तुम्ही ओट्यावर बसवून ज्याला वाचायला शिकवलं तोच. त्याने नारळ फोडला, फोटो झाले. मग सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. अनुदानाची सरकारी तपासणी होईपर्यंत ती नवीकोरी दिसायला हवीत म्हणे.

पलीकडच्या गावातली एक मुलगी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करते. सकाळी आईसोबत धानाच्या रोवणीला जाते आणि दुपारच्या एसटीने इथे येते. तिने भरतीचं पुस्तक मागितलं. अध्यक्षाने पुस्तकाकडे नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. "नखात चिखल हाय तुह्या. तपासणी झाल्यावर ये." तपासणी दिवाळीनंतर आणि तिची परीक्षा त्याच्या आधी. ती हात ओढणीत लपवून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. मी तिथेच वर्तमानपत्र वाचत होते बाबा, आणि माझ्या अंगाची लाही झाली.

मला तुमची ती दुपार आठवली. मी शाळेतून येऊन तुमच्या टेबलापाशी पुस्तकांना कव्हरं घालते आहे. धानाच्या बांधीतून थेट आलेली एक बाई पुस्तक परत करते. पानावर तिच्या अंगठ्याचा मातकट ठसा आहे. एक सभासद कुरकुर करतो, "असं पुस्तक आता कोन नेईल?" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता आणि त्याला म्हणता, "मी नेतो. वाचलेलं हाय ते. तू नेलेलं पुस्तक मात्र जसंच्या तसं परत येते, ते काहून?" तो मान खाली घालतो. तुमचा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढाच.

माझा मात्र चढला. "कपाट उघड," मी अध्यक्षाला म्हटलं.

"ताई, तुमी कायले मधात पडता? कमिटीचा ठराव हाय."

"पुस्तकं वाचाले आली का दाखवाले?"

"तुमी कमिटीत हाव का?"

मी नव्हते. कधीच नव्हते. आणि इथे बाबा, राग तुमच्याकडे वळतो. कितीतरी वर्षं कव्हरं मी घातली, फाटलेली पानं मी खळीने चिकटवली, तुम्ही नागपूरला दवाखान्यात होतात तेव्हा वाचनालय मी उघडलं. पण कमिटी नेमायची वेळ आली तेव्हा तुम्ही सगळे पुरुष निवडले. मी चहा घेऊन आत आले तर म्हणालात, "ही आमच्या घरचीच पोरगी, मदत करते." मदत. तेव्हा तो शब्द मी गोड मानून घेतला होता. परवा भर वाचनालयात तो कडू लागला.

मी खुर्ची ओढली आणि कपाटाला टेकून बसले. म्हटलं, तपासणी करणाऱ्यांना मी पण इथेच दिसेन. वाचणारे एकेक करून उठून जवळ आले. त्या मुलीला मी आत बोलावून शेजारी बसवलं. अध्यक्ष बराच वेळ फोनवर कुणाशी बोलत राहिला, मग त्याने किल्ली टेबलावर आपटली. मुलीने पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी, उघड. शेवटची एसटी गाठायला जाताना म्हणाली, "काकू, परीक्षा होईपर्यंत पुस्तक माझ्याकडे राहू देतील ना?" मी म्हटलं, "मी हाय ना इथं."

आता मी रोज जाते. कमिटीत घ्या म्हणून अर्जही दिला आहे. तो घेताना अध्यक्ष हसला. हसू दे.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. किल्ली नुसती माझ्या बसण्याने मिळाली नाही. शेवटी मी म्हटलं होतं, "मी कोनाची पोरगी हाय, विसरला का?" त्यावर तो नरमला. मुलीला पुस्तक मिळालं, ते चांगलंच झालं. पण तिथेही तुमचंच नाव चाललं बाबा, आणि ते मला अजून सहन होत नाही.