शार्दूलाक्षराचा नैवेद्य

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

स्वस्ति श्री! राजुरीग्रामभूषण, गीर्वाणवाणीधुरंधर, इयत्ता आठवी-ब वर्गशिक्षक, घटकचाचणी-प्रश्नपत्रिका-निर्माते, श्रीमान् ज्ञानेश्वर कुशाबा औटी यांनी आजच्या शुभदिनी चिनी लिपीवर स्वारी केली!

निमित्त किरकोळ. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर तैवानचे एक वृद्ध यात्रेकरू माझ्याशेजारी धापा टाकत बसले. त्यांचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी — दोन्ही पांगळी; एकमेकांना धरून चालली. आमच्याकडे बिबटे फार, असे म्हणताच त्यांनी माझ्या वहीत एक अक्षर काढून दिले: 虎. अर्थ — वाघ. त्यांच्या आजोबांच्या दारावर असे, अरिष्ट दूर राहावे म्हणून. आठ रेघा. क्रम मोडायचा नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

छत्तीस वाघ काढले. एकही धड उभा राहत नाही. डावीकडे उतरणारी लांब रेघ मध्येच भरकटते. शिरोरेखेवाचून अक्षर दिगंबर दिसते, ते वेगळेच. सौ. मंगल डोकावून म्हणाली, "वाघ हाय का मोडकी खुर्ची?"

विद्येला शत्रू घरातच असतात.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सिद्धी! एकशेबाराव्या प्रयत्नात व्याघ्र प्रकटला.

तेवढ्यात साळुबाई आल्या. उसापलीकडे एकट्याच राहतात, सत्तरी ओलांडलेली, सोबतीला एक म्हैस. मुलगा मंचरला, तो बोलावून दमला. गेल्या महिन्यात बिबट्याने त्यांचे कुत्रे नेले. तेव्हापासून अंधारले की बाई गोठ्यात पाऊल टाकत नाहीत.

"मास्तर, ह्ये काय वो?"

मी गंभीर मुद्रेने वदलो, "शार्दूलाक्षर. हे जेथे विराजते तेथे श्वापद फिरकत नाही."

"मंग माज्या गोठ्यावर काढा की!"

काढले. गेरूने, हातभर उंचीचे. दोघेही हसलो. मी विनोदाला हसत होतो. त्या कशाला हसत होत्या, हे विचारायचे राहिले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

शेजारच्या मळ्यातल्या बाळासाहेबांनी आपल्या ट्रॅक्टरवर तेच अक्षर काढून घेतले. "मास्तर, जरा मिशा दावा की राव!" चिनी अक्षराला मिशा! काढल्या.

साळुबाई आता अंधारात खुशाल धार काढतात, असे कळले. मंगल म्हणाली, "म्हातारीला खरं काय त्ये सांगा." उद्या सांगेन.

बुधवार, १५ ऑक्टोबर

उद्या सांगेन.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर (वाघबारस)

साळुबाईंचे माहेर आंबेगावच्या पश्चिमेस, डोंगरात. तिकडे आजच्या दिवशी वाघोबाला पुजतात. इकडे वाघोबाचे ठाणे नाही. म्हणून बाईंनी माझे अक्षर तेल-शेंदराने माखले आणि खाली पानावर कोंबडी वाढली! "वाघोबाला सणाचं उपाशी ठिवायचं व्हय?"

बिबट्या पळावा म्हणून काढलेल्या अक्षराखाली बिबट्याचे पान! अखिल भरतखंडात अशी खानावळ प्रथमच उघडली असावी. मी पोट धरून हसलो. मंगल हसली नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पान चाटून स्वच्छ. चिखलात पंजे — गोठ्याच्या दारापर्यंत, तेथून माघारी. दार ते बाईंचे अंथरूण, अंतर सात पावले. मी मोजले.

साळुबाई मात्र हर्षभरित! "आला, जेवला, गेला! म्हशीला शिवलाबी न्हाई. लई खरं अक्षर हाय, मास्तर. आता रोज वाढीन."

रोज!

चीनदेशीचा व्याघ्र शाकाहारी असतो, अशा अर्थाचा श्लोक जागच्या जागी रचून म्हटला. (अनुष्टुभ. तिसरा चरण लंगडा.) बाई म्हणाल्या, "देवानं काय खायाचं त्ये तुमी नगा सांगू."

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळीच गेलो. हातात थिनरचे फडके. बाई अंगणात कोंबडी सोलत होत्या.

कोणतीही प्रस्तावना केली नाही. "साळुबाई, त्या अक्षरात काही नाही. मी गंमत केली होती." आणि पुसले. एकशेबारा प्रयत्नांचा वाघ चार हातांत गेला. भिंतीवर लाल डाग तेवढा उरला.

बाईंनी डागाकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"मंग म्या येवडं दिस अंधारात कुणाच्या जिवावर जात व्हते, मास्तर?"

बावीस वर्षे संस्कृत शिकवतो आहे. थिनरच्या फडक्याची घडी घालू लागलो.

सोमवार, २० ऑक्टोबर (नरकचतुर्दशी)

लेकाने सात वर्षे विनवूनही ज्यांनी घर सोडले नाही, त्या साळुबाई आज बोचक्यानिशी आमच्याकडे राहायला आल्या. "चूक तुमची, तवा जागाबी तुमची." मंगलने लगोलग त्यांना उटणे लावून न्हाऊ घातले. म्हैस पडवीत बांधली. माझी दुचाकी त्यामुळे अंगणात, भर उन्हात. आसन असे तापते की बसवत नाही. दोनदा बोललो. कोणी लक्ष देत नाही.