पुंजाराम सतरा वर्षांचा

मखमलाबाद रोड, नाशिक
सोमवार, ८ सप्टेंबर

तीर्थरूप दादांच्या पायाशी धाकट्या छायाचा नमस्कार. आम्ही इथे धडधाकट आहोत, तुम्हीही असालच. आशावहिनींचा गुडघा कसा आहे, काळी गाय व्याली का, आणि तुमच्या शाळेचे पत्रे अजून गळतात का, ते कळवावे. (थोरल्या भावाला पत्रात तुम्ही म्हणायचं असं गुरुजींनी शिकवलं होतं. मी शिकले पाचवी, त्यात पत्रलेखन एवढंच झालं, ते इथे संपलं. पुढे तूच लिहिते. राग मानू नको, मानलास तरी मला दिसणार नाही.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. घरात फोन तीन. माझा पिठाच्या डब्यात पडला तो परत बोलला नाही. हर्षालीचा तिच्या दहावीच्या अभ्यासात असतो, त्यावरून बोलायला गेलं की ती घड्याळ दाखवते. तिसरा यांचा, तो सध्या आत्याच्या कमरेला चंचीत आहे. का आहे, तेच सांगायला बसले आहे. आधी गिरणीतलं दळण उरकून मग लिहावं म्हटलं होतं, पण पितरपाट सुरू झाला, वड्यांच्या पिठाला नुसती रांग लागली आहे, उरकायची वाट बघितली तर दिवाळी येईल.

पुंजारामची गोष्ट आहे. (लिहिताना नवऱ्याचं नाव घेतलं तर चालतं, तोंडानं मी अजून घेत नाही.) सख्ख्या आत्याचा मुलगा, आपल्याच घरी राहून तुझ्याबरोबर शाळेत गेला, म्हणून त्यांचा स्वभाव तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण तू मेव्हणा म्हणून त्यांची बाजू घेतोस. दिवाळीनंतर यांच्या मोबाइलात कॅसिनो आलं. एक चाक असतं, त्यावर गोळी पळते, आणि अंगात पुरतं कापड नसलेली एक बाई चाक फिरवून हसते. (आमची गिरणी मी वीस वर्षं फिरवते आहे, मी कधी हसले नाही.) पहिले काही महिने फुकटचा खेळ होता. एक दिवस हे चार लाख जिंकले. मला न विचारता पेढे आणले, गल्लीत वाटले, समोरच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा दिला. संध्याकाळी हर्षालीनं बघून सांगितलं की पप्पा, ही खेळातली नाणी आहेत, यात काडेपेटी पण येत नाही. पेढे मात्र खऱ्या पैशाचे होते.

एवढ्यावर कुणीही शहाणं झालं असतं. हे म्हणाले, फुकटात चार लाख जिंकतो तर पैसे लावून किती जिंकेन. आणि एक डोळा चाकावर ठेवून गिरणी चालवायला लागले. मग काय, एकीच्या बाजरीत दुसरीचे गहू, तिसरीच्या बेसनात चौथीची नाचणी. एक बाई तर भाकरी घेऊनच आली आणि गिरणीच्या टेबलावर ठेवून म्हणाली, ही कशाची आहे ते तुम्हीच सांगा. मी मोडून खाल्ली. मलाही सांगता आलं नाही.

आता दादा, तुला माहीत आहे की गिरणीशेजारी मसाला दळायचं मशीन घ्यायचं म्हणून आम्ही सहा वर्षं पैसे साठवतो आहोत. साठवले मी, खातं यांच्या नावावर, कारण गिरणी यांच्या नावावर. हर्षालीनं बातमी वाचून दाखवली की सरकारनं असले पैशाचे खेळ बंद करायचा कायदा केला. मी देवापुढे साखर ठेवली. पण यांचं कॅसिनो म्हणे कुठल्या तरी परक्या देशातलं, त्याला आपला कायदा लागतच नाही असं यांचं म्हणणं. (हे यांना कुठल्या वकिलानं सांगितलं विचारलं, तर म्हणे कॅसिनोनंच सांगितलं.) पण त्या कॅसिनोचा स्वतःचा एक नियम आहे, पैसे लावायचे तर वय अठरा पूर्ण पाहिजे, आणि त्याचा पुरावा पाहिजे. यांनी मिशीला तेल लावून फोटो काढला, आधार कार्डाचा फोटो काढला, आणि दिलं पाठवून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते मी स्वतः वाचलं, अक्षर लावून लावून, दोनदा. आपण अल्पवयीन आहात, आपले वय सतरा वर्षे आहे, कृपया पालकांशी बोला.

मुलगी सोळाची आणि बाप सतराचा. हे कसं झालं ते ऐक. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या बालवाडीत आधारचं शिबिर लागलं होतं. मोठ्यांची रांग रस्त्यापर्यंत आणि बालवाडीच्या पोरांची रांग आठ जणांची. यांना जन्मात कधी रांगेत थांबता आलेलं नाही. हे जाऊन पोरांच्या रांगेत उभे राहिले, नववे. मशीनवरच्या माणसानं सगळ्यांना विचारलं तेच यांना विचारलं, जन्मतारीख काय. हे म्हणाले एक जून. आता आपल्या गुरुजींनी अख्ख्या गावाला एक जूनला जन्माला घातलं होतं, तसं बालवाडीच्या बाईंनीही ज्यांच्या आया तारीख विसरल्या त्यांना एक जूनच दिली होती. मशीनवरच्या त्या माणसानं मान वर न करता आधीच्या आठ पोरांचं २००८ साल यांच्यापुढेही लावलं. बोटांचे ठसे घेतले, डोळे घेतले, मिशीसकट फोटो घेतला, आणि हे घरी येऊन फुशारकी मारत होते की दहा मिनिटांत काम झालं.

इतकी वर्षं कुणी साल वाचलं नाही. करोनाच्या लसीच्या वेळी मशीन यांना घेईना, तेव्हा मी म्हटलं काहीतरी गडबड आहे, जाऊन विचारा. सुई चुकली म्हणून हे इतके खूश की त्यांनी विचारलंच नाही.

तर कॅसिनोनं पालकांशी बोला म्हटल्यावर मी म्हटलं बोला की. यांनी हसत हसत आत्याला सांगितलं. आत्या अठ्ठ्याहत्तरची, ऐकू कमी येतं, पण हे नेमकं आलं. तिनं मला विचारलं, खरंच सरकारी कागदावर असं आहे का. मी म्हटलं आहे. मग ती यांना म्हणाली, "पुंजा, मोबाइल आठे दे. सतराना पोऱ्याले मोबाइल काय करना शे?" आणि घेतला. हे एकावन्न-बावन्नचे (आत्याच्या हिशेबानं दुष्काळानंतरच्या वर्षीचे), पण आईच्या हातातून मोबाइल हिसकावायची यांची हिंमत नाही. आता रोज संध्याकाळी ती यांना अर्धा तास मोबाइल देते, समोर बसून, आणि आधी दूध प्यायला लावते. हर्षालीला वाटतं ही घरात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

मलाही तेच वाटतं, दादा. खरं लिहिते. पंधरा दिवस झाले, गिरणीत एकाचं दळण दुसऱ्यात गेलेलं नाही. परवा यांनी जात्याचे दगड काढून स्वतः छिन्नीनं टाकी लावून खरखरीत केले, दोन वर्षं मी मागे लागले होते. पीठ असं बारीक येतंय की भाकरीवाली बाई परत आली, आणि तिनं जावेलाही आणलं. हर्षालीनं यांना वहीवर गणित मांडून दाखवलं की चाक कसंही फिरलं तरी शेवटी चाकाच्या मालकाचंच होतं. हे वहीकडे बघून म्हणाले, मग ती बाई हसते ते आपल्याला हसते होय. मला वाटलं सुटलं. पण दुसऱ्या दिवशी हे कोपऱ्यावरच्या भाग्यश्रीच्या नेट कॅफेत जाऊन आधारचं साल दुरुस्त कसं होतं ते विचारून आले. तिनं सांगितलं, शाळा सोडल्याचा दाखला आणा. शाळेचा मुख्याध्यापक तू. म्हणून हे गुरुवारी नामपूरच्या गाडीनं तुझ्याकडे येत आहेत. म्हणे, साल चुकीचं राहिलं तर पुढे म्हाताऱ्यांच्या तिकिटाची सवलत मिळणार नाही. सवलतीला अजून कितीतरी वर्षं आहेत. यांना बघता बघता अठरा पूर्ण करायचे आहेत एवढंच.

तू त्यांना दाखला देऊ नकोस. खोटं बोल असं मी मुख्याध्यापकाला सांगत नाही. रजिस्टर जुनं आहे, माळ्यावर आहे, पत्रे गळतात, शोधायला वेळ लागेल, हे सगळं खरंच असेल. पुढच्या एक जूनला हे तसेही कागदावर अठरा पूर्ण होतील आणि मग कॅसिनो यांना आत घेईल. त्याच्या आत मला मशीन घ्यायचं आहे. मशीनवाला दिवाळीनंतर देतो म्हणाला आहे. एकदा पैशाचं मशीन झालं की ते चाकावर ठेवता येत नाही, जागेवरून हलवायलाच चार माणसं लागतात. मशीन आलं की मी स्वतः यांना घेऊन तुझ्याकडे येईन आणि म्हणेन, दे बाबा दाखला, होऊ दे यांना मोठं.

हे पत्र हेच घेऊन येतील. मी सांगितलं आहे की यात मी तुला दाखल्यासाठी गळ घातली आहे. पाकीट गव्हाच्या पिठाची खळ लावून बंद करते आहे, घट्ट.

आशावहिनींना आणि पोरांना आशीर्वाद. (वहिनी मोठ्या आहेत, त्यांना नमस्कार. घाईत लिहिलं, खोडत नाही.)

तुझी,
छाया

ता. क. खरं काम राहिलंच. माझा दाखला काढून ठेव. छाया, पाचवी पास, त्याच रजिस्टरात यांच्या पुढे कुठेतरी असेन. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, त्याला लागतो, आणि तारीख याच महिन्यातली आहे. कॅसिनोचं ते पत्र मी अक्षर लावून वाचलं ना, तेव्हा हर्षाली म्हणाली, आई, तू माझ्या वर्गातल्या निम्म्यांपेक्षा बरं वाचतेस. मार्चमध्ये आम्ही दोघी बसू. मला गणित येईल, पिठाचं वजन तोंडी करते. इंग्रजीचं बघू. यांना सांगितलेलं नाही, हसतील. तू दाखला पाकिटात घालून, पाकीट चिकटवून यांच्या हाती दे. काय आहे ते सांगू नकोस, माझ्या पत्राचं उत्तर समजून हे जपून आणतील.

आणखी ता. क. माझीही तारीख एक जूनच असेल. साल काय आहे ते वहिनींना दाखवू नकोस.

(पाकिटाच्या मागे)

दादा, गुरुवारी सकाळी घाईनं लिहिते, हे अंघोळीला गेले आहेत. पाकीट फोडून परत चिकटवलेलं आहे. मी गव्हाची खळ लावली होती, ही काळपट आहे, नाचणीची. मेल्याला अजूनही डबे ओळखता येत नाहीत. म्हणजे सगळं वाचलं. चहा पिताना फक्त एवढं विचारलं की दहावीच्या फॉर्मला फोटो किती लागतात. आणि माझे दोन फोटो खिशात घातले आहेत, वर अर्ध्या तासाचा मोबाइलही काल संध्याकाळी आत्याकडे मागितला नाही.

त्यांनी त्यांचा दाखला मागितला तर देऊन टाक. मला वाटतं ते एकच मागतील, माझा.